वाऱ्यावरची माती : धुळीचा जन्म, प्रवास आणि परिणाम

होळी सरली की पाथरी तालुक्यात धुळीचे दिवस सुरू होतात. कापूस वेचून झालेला असतो, पऱ्हाट्या उपटलेल्या असतात, तूर-हरभरा घरात आलेला असतो. वावरे उघडी पडतात. चैत्र-वैशाखात दुपारच्या वेळी मानवत, सोनपेठ, माजलगाव अशा कोणत्याही रस्त्याला लागा, एखादे वाहन गेले की मागे धुरळ्याचा लोट उठतो आणि बराच वेळ खाली बसत नाही. घरात ताटावर, पाण्याच्या माठावर, मुलांच्या वह्या-पुस्तकांवर तीच धूळ. आपण ती झटकतो, पुसतो आणि विसरून जातो. पण ही धूळ येते कोठून, ती किती दूर जाते आणि आपल्या शरीरावर, शेतीवर व पावसावर तिचा काय परिणाम होतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. प्रस्तुत लेखात या साध्या दिसणाऱ्या परंतु महत्त्वाच्या विषयाची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

धूळ म्हणजे काय?

वाऱ्याने उडणाऱ्या धुळीत परागकण, धूर, कपड्यांचे तंतू असे बरेच काही असते. येथे आपण मुख्यतः खनिज धुळीचा विचार करणार आहोत. खनिज धूळ म्हणजे खडकाची झीज होऊन तयार झालेले अतिसूक्ष्म कण. हे कण मायक्रॉन या एककात मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. वाळूचा कण याहून मोठा, गाळाचा कण त्याहून लहान आणि चिकणमातीचा कण तर २ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो.

आपली काळी माती कशी झाली हे पाहिले तर धुळीचा मूळ पत्ता सापडतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्याचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. ऊन, पाऊस, झाडांची मुळे यांनी हा पाषाण लाखो वर्षे झिजत राहिला आणि त्यातून चिकणमातीचे प्रमाण भरपूर असलेली काळी जमीन तयार झाली. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतात बोटभर मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. कारण जे तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, ते पावसाच्या एका लोंढ्यात किंवा वाऱ्याच्या काही झोतांत निघून जाऊ शकते.

वारा माती कशी उचलतो?

आपल्याला असे वाटते की वारा जोराने वाहिला की बारीक धूळ सरळ उडते. प्रत्यक्षात तसे होत नाही. अतिसूक्ष्म कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि जमिनीलगत, मोठ्या कणांच्या आडोशाला दडलेले असतात. त्यांना एकटा वारा सहजासहजी हलवू शकत नाही. सर्वांत आधी हलतात ते मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढे, बारीक वाळूसारखे कण. वारा त्यांना थोडे उचलतो, ते पुढे जाऊन खाली आदळतात, पुन्हा उसळतात, पुन्हा आदळतात. तव्यावर फुटाणे उडावेत तसे हे उड्या मारणे असते. प्रत्येक आदळण्याबरोबर जमिनीवरचा पापुद्रा फुटतो आणि चिकटून बसलेली बारीक धूळ सुटी होऊन हवेत जाते. म्हणजे धूळ उडवण्याचे खरे काम उसळणारी वाळू करते. याहून मोठे कण मात्र उचलले जात नाहीत, ते जमिनीवरून नुसते सरकत जातात.

ब्रिटिश अभियंता राल्फ बॅग्नॉल्ड यांनी लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात हिंडून आणि प्रयोगशाळेत हवेचे बोगदे वापरून या क्रियेचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाहून जाणारी वाळू दुप्पट होत नाही, ती सुमारे आठपट होते. म्हणूनच वर्षभराच्या मंद वाऱ्याने जे नुकसान होत नाही ते वादळाच्या एका तासात होते.

आता आपल्या शेताकडे येऊ. नांगरलेल्या काळ्या रानात मोठी ढेकळे असतात. ढेकूळ हा धुळीचा शत्रू आहे. ते जड असते, वाऱ्याला अडवते आणि आपल्या आडोशाला बारीक माती धरून ठेवते. पण याच ढेकळावरून ट्रॅक्टरची, ट्रकची चाके पुन्हा पुन्हा गेली, गुरांच्या खुरांखाली ते चुरले की त्याचा फुफाटा होतो. गाडीवाटेवर घोट्याएवढा फुफाटा साचतो तो यामुळेच. माती तीच असते, परंतु कणांची पकड सुटलेली असते. पाण्याने ही पकड परत येते. आपल्या आया-बहिणी पिढ्यान्‌पिढ्या अंगणात सडा घालतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. ओल्या कणांना पाण्याचा पातळ थर एकमेकांशी बांधून ठेवतो.

वावटळीत भूत नसते

उन्हाळ्यात भर दुपारी मोकळ्या रानात गरगर फिरणारा धुळीचा खांब उठतो. खेड्यापाड्यांत आजही काही ठिकाणी वावटळीत भूत असते, तिच्या वाटेत उभे राहू नये, असे सांगितले जाते. यात भुताचा काही संबंध नाही. उघडी काळी जमीन उन्हाने भोवतालच्या हिरव्या रानापेक्षा जास्त तापते. तिच्या लगतची हवा तापून हलकी होते आणि एकदम वर चढते. ती रिकामी जागा भरायला चोहोबाजूंनी हवा धावून येते. हौदाचे बूच काढल्यावर पाणी जसे भोवरा करून आत ओढले जाते, तशी ही हवा फिरत फिरत मध्यभागी येते आणि जसजशी मध्याजवळ येते तसतसा तिचा वेग वाढतो. या वेगाने पाचोळा आणि धूळ वर खेचली जाते. काही मिनिटांत तापलेली हवा संपली की वावटळही संपते. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून बाजूला व्हावे हे खरे, पण त्यासाठी लिंबू-मिरचीची गरज नाही.

वावटळीपेक्षा मोठे आणि धोक्याचे वादळ वळवाच्या पावसाआधी येते. मोठ्या ढगातून पाऊस पडू लागला की त्याच्याबरोबर थंड, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. पावसाचा पहिला थेंब येण्याआधी धुळीची भिंत येते ती यामुळे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असेच धुळीचे वादळ आले. घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. उत्तर भारतात मे २०१८ च्या पहिल्या आठवड्यात उत्तर प्रदेश आणि राजस्थानात धुळीच्या वादळांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांतील अनेक जण पडलेल्या भिंती, छपरे आणि झाडे यांखाली सापडले. वादळात जीव धुळीपेक्षा कच्च्या घरामुळे अधिक जातो, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

धुळीचा प्रवास

खळ्यावर धान्य उपणताना काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सुपातून धान्य सोडले की दाणे सरळ पायाशी पडतात, भुसा थोडा दूर जाऊन पडतो आणि अगदी बारीक फोलकट वाऱ्याबरोबर नजरेआड होते. निसर्ग मातीचीही अशीच उपणणी करतो. साधा हिशेब पाहा. वाळूच्या कणाला, म्हणजे १०० मायक्रॉनच्या कणाला, शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून खाली यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ पुरतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे दीड दिवस लागतो. २ मायक्रॉनच्या कणाला महिन्याहून अधिक काळ लागतो. एवढ्या काळात वारा त्याला समुद्रापार नेऊ शकतो. मध्येच पाऊस भेटला तर मात्र तो पावसाबरोबर खाली येतो.

याचा अनुभव महाराष्ट्राने २३ जानेवारी २०२२ रोजी घेतला. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि मुंबईपर्यंत आली. मुंबईत दिवसा आकाश धुरकट झाले, दूरच्या इमारती दिसेनाशा झाल्या, उभ्या गाड्यांवर पांढरट भुकटीचा थर बसला आणि सूर्यप्रकाश अडल्याने दिवसाचे तापमान बरेच उतरले. कराची ते मुंबई हे अंतर साडेआठशे किलोमीटरहून अधिक आहे. धुळीला ना पारपत्र लागते ना सीमा कळते.

त्याहून लांबच्या प्रवासाचा पुरावा आपल्याच राज्यात जमिनीखाली आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी या गावी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे. तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर हवेतून कापून प्राचीन काळी ती महाराष्ट्रात पडली होती.

जगाचा विचार केला तर दरवर्षी सुमारे दोनशे कोटी टन धूळ हवेत जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. यातील सर्वांत मोठा वाटा उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील वाळवंटांचा आहे. चार्ल्स डार्विन १८३२ साली बीगल जहाजावरून जात असता अटलांटिक महासागरात केप व्हर्दे बेटांजवळ जहाजावर तपकिरी धूळ पडत होती. ती आफ्रिकेतून आलेली असावी असे ओळखून त्यांनी १८४६ साली त्यावर निबंध लिहिला. आता उपग्रहांनी या प्रवासाचे मोजमाप केले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सहारातील सरासरी २ कोटी ७० लाख टनांहून अधिक धूळ दरवर्षी महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. तिच्याबरोबर सुमारे २२ हजार टन स्फुरद तेथे पोहोचते. पावसाने जंगलातून जेवढे स्फुरद वाहून जाते, जवळपास तेवढेच वाळवंट त्याला परत देते. एका खंडाचे ओसाडपण दुसऱ्या खंडाचे खत होते.

धूळ, पाऊस आणि बर्फ

धूळ म्हणजे केवळ उपद्रव, असे समजणे चूक आहे. हवेत उंच गेलेल्या खनिज कणांभोवती पाणी गोठून हिमकण तयार होतात आणि ढगातून पाऊस पडण्याच्या क्रियेत त्यांचा हातभार लागतो. समुद्रात पडलेल्या धुळीतील लोहावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्या माशांचे मूळ अन्न होत.

आपल्या मोसमी पावसाशीही धुळीचे नाते आहे. भारतीय शास्त्रज्ञ व्ही. विनोज आणि त्यांचे सहकारी यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की, पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावरील धूळ सूर्याची उष्णता शोषून तेथील हवा तापवते. त्यामुळे समुद्रावरून भारताकडे येणारे बाष्प वाढते आणि आठवडाभराच्या आत मध्य भारतातील पावसावर त्याचा परिणाम दिसतो. अरबस्तानातील धूळ आणि आपल्या वावरातला पाऊस यांचा असा धागा जुळतो. याउलट हिमालयाच्या बर्फावर धूळ बसली की पांढरा बर्फ काळवंडतो, अधिक ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. एकच गोष्ट एके ठिकाणी उपकारक आणि दुसरीकडे अपायकारक ठरते. प्रमाण आणि जागा यांवर सारे अवलंबून आहे.

माणसाने ओढवलेली धूळ

अमेरिकेत १९३० च्या दशकात जे घडले ते प्रत्येक शेतकऱ्याने माहीत करून घ्यावे असे आहे. मध्य अमेरिकेतील विस्तीर्ण गवताळ प्रदेश गव्हासाठी नांगरून काढला गेला. पुढे सलग अवर्षण पडले. गवताची मुळे नव्हती, पीक नव्हते, माती उघडी होती. वारा सुटला आणि माती आकाशात गेली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळात भरदिवसा काळोख झाला. लाखो लोकांना घरदार सोडून मजुरीसाठी परागंदा व्हावे लागले. त्याच महिन्यात अमेरिकेने मृद्‌संधारणाचा कायदा केला. अवर्षण निसर्गाने आणले होते, पण माती उघडी माणसाने केली होती.

आपल्याकडे मातीची धूप मुख्यतः पावसाच्या पाण्याने होते, वाऱ्याचा वाटा त्या मानाने कमी आहे. तरीही निश्चिंत राहून चालणार नाही. वारा निवडून चोरी करतो. जाड कण मागे ठेवतो आणि बारीक कण नेतो. सेंद्रिय द्रव्य आणि पिकाचे अन्नांश याच बारीक कणांना धरून असतात. म्हणजे उडून जाते ती शेताची साय. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही चोरी सर्वांत महाग पडते, कारण ती भरून काढायला त्याच्याजवळ शेणखतही नसते आणि रासायनिक खताला पैसाही नसतो.

वाऱ्याला आवर घालता येतो याचे एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. चीनमधील दुनहुआंगजवळ वाळवंटाच्या कडेला मोगाओ ही बौद्ध लेणी आहेत. इ. स. ३६६ पासून सुमारे हजार वर्षे ती कोरली गेली. अजिंठ्याप्रमाणेच तेथेही भित्तिचित्रांचे वैभव आहे. कड्यावरच्या पठारावरून उडणारी वाळू लेण्यांसमोर साचत असे आणि चित्रे घासत असे. पूर्वी ती नुसती उपसून टाकली जाई. १९८९ पासून दुनहुआंग अकादमी आणि अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्था यांनी एकत्र काम सुरू केले. पठारावर जाळीचे लांबलचक कुंपण उभारले, वाळवंटात तगणारी झुडपे लावली. लेण्यांपर्यंत येणारी वाळू निम्म्याहून अधिक घटली. वाळू उपसत बसण्यापेक्षा ती उठते तेथेच रोखावी, हा धडा त्यातून मिळतो.

धूळ कोणाच्या छातीत जाते?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुधा नाकात आणि घशात अडकतात. शिंक येते, खाकरा येतो, ते बाहेर पडतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांत उतरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. दमा, जुनाट खोकला, हृदयविकार यांच्याशी या सूक्ष्म कणांचा संबंध सिद्ध झाला आहे. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार एक घनमीटर हवेत दहा मायक्रॉनपर्यंतचे कण चोवीस तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ४५ सुचविली आहे.

पण हवा सर्वांची असली तरी धूळ सर्वांना सारखी मिळत नाही. बंद काचेच्या गाडीत बसणारा आणि रस्त्याच्या कडेला खडी पसरणारा मजूर यांच्या वाट्याला एकच धूळ येत नाही. पहाटे कोरडा रस्ता झाडणारा सफाई कामगार, खडी केंद्रावरचा मजूर, वीटभट्टीवरची बाई आणि तिच्या पाठीशी बांधलेले मूल, मळणी यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा सालगडी, हायवेला लागून असलेल्या वस्तीतील म्हातारी माणसे, यांचा श्वास धुळीतच चालतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्री-पुरुषांनी उन्हात बसून खडी फोडली आणि त्या मजुरीवर घरे जगवली. त्या वेळी तोंडावर पदर नाहीतर उपरणे, एवढेच संरक्षण होते.

दगडाच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असेल तर ती फुप्फुसात रुतून बसते आणि तेथे कायमचे व्रण तयार होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही, पण तो टाळता मात्र पूर्णपणे येतो. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यताही वाढते. आपल्या काळ्या पाषाणात अशी सिलिका कमी असते, वाळूचा दगड आणि गारगोटी यांत ती भरपूर असते. आपले अनेक बांधव कामासाठी दूरच्या खाणींत आणि शहरांतील बांधकामांवर जातात. तेथे दगड कोणता आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून खडी, खाण किंवा दगड कापण्याचे काम केलेल्या माणसाचा खोकला महिनोन्‌महिने हटत नसेल तर डॉक्टरांना आपले जुने काम आवर्जून सांगावे. केवळ क्षयाची औषधे घेऊन थांबू नये. हा व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्याने मान्य आहे आणि त्याची भरपाई मागणे हा कामगाराचा हक्क आहे.

आपण काय करू शकतो?

१) पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे शेतात जाळू नयेत. ती कुट्टी करून रानात पसरली तर माती झाकलेली राहते आणि कुजून खतही होते.

२) बांधावर वाऱ्याला आडवी झाडे लावावीत. कडुनिंब, करंज आपल्या हवेत चांगले तगतात. झाडांची रांग आपल्या उंचीच्या दहापट किंवा त्याहून अधिक अंतरापर्यंत वारा मंद करते. वीस फुटी झाडे म्हणजे दोनशे फुटांचे संरक्षण. रांग थोडी विरळ असावी. अगदी भिंतीसारखी दाट असली तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो.

३) गायरान आणि पडीक जमिनीवरचे गवत राखावे. गवत ही मातीची सर्वांत स्वस्त गोधडी आहे.

४) घर झाडण्याआधी पाणी शिंपडावे, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. कोरडा झाडू धूळ काढत नाही, ती खालून उचलून नाकाशी आणतो.

५) खडी केंद्र, रस्त्याचे काम, मळणी येथे पाण्याचा फवारा आणि चांगल्या प्रतीचा मुखपट्टा यांची मागणी मजुरांनी एकत्र येऊन करावी. साधा रुमाल जाड धूळ अडवतो, सूक्ष्म धूळ अडवत नाही. सफाई कामगारांच्या बाबतीत नगरपालिकेकडे हाच आग्रह धरावा.

६) वादळाची चाहूल लागताच पत्र्याचे शेड, मोठी झाडे, फलक यांपासून दूर पक्क्या आडोशाला जावे. पत्र्यांवर नुसते दगड न ठेवता ते तारेने बांधावेत.

समारोप

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ साली १२ जुलै हा दिवस वाळू व धुळीच्या वादळांशी मुकाबला करण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. जगाला या प्रश्नाचे गांभीर्य कळले आहे. आपल्या संविधानाच्या कलम ५१-अ मध्ये नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे ही दोन्ही आहेत. धुळीच्या प्रश्नात ही दोन कर्तव्ये एकत्र येतात. वावटळीत भूत नाही हे कळणे ही पहिली पायरी आणि झाडूवाल्या भगिनीच्या छातीत धूळ जाऊ न देणे ही पुढची पायरी. येत्या पावसाळ्यात प्रत्येक कुटुंबाने बांधावर किंवा वस्तीच्या रस्त्याकडेला दोन झाडे लावली आणि खडीचे किंवा झाडलोटीचे काम करणाऱ्या आपल्या घरच्या माणसाची वर्षातून एकदा छातीची तपासणी करून घेतली, तरी या लेखाचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.